मदत हवी आहे: कॉलेजच्या अर्जातला निबंध धाकट्या भावावर लिहिला तर चालेल का?

नमस्कार मंडळी,

लेक यंदा अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करतेय. गुण, शिफारसपत्रं वगैरे मार्गी लागलंय. गाडी अडलीय ती कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जाच्या) मुख्य निबंधापाशी. मर्यादा २५० ते ६५० शब्द. विषय ७ दिलेत, पण त्यातला शेवटचा 'तुमच्या आवडीचा कुठलाही' असाच आहे, म्हणजे बंधन असं काहीच नाही. तेच जास्त अवघड जातंय.

पहिल्या खर्ड्यात विज्ञान प्रदर्शन, वादविवाद, स्वयंसेवा असं सगळं ओळीने होतं. ते तर उपक्रमांच्या १० रकान्यांत आधीच भरलंय, म्हणून तिने तो बाजूला ठेवला. दुसरा खर्डा तिने कुणालाही न विचारता लिहिला आणि मला तो मनापासून आवडलाय.

तिचा धाकटा भाऊ बोलताना अडखळतो. लहानपणी त्याची वाक्यं हीच पुरी करायची, त्याला त्रास होऊ नये म्हणून. मग त्याच्या स्पीच थेरपिस्टनी घरात सगळ्यांना सांगितलं, शब्द पुरवू नका, थांबा. निबंधातला प्रसंग असा: तो फोनवर मित्राशी बोलतोय आणि 'प'वर अडकलाय. 'परवा' म्हणायचंय हे हिला पक्कं ठाऊक आहे, शब्द अगदी जिभेवर आलाय, आणि ती टेबलाची कड घट्ट धरून बसलीय. शेवटी तो म्हणतो, 'पहाटे'.

एवढं वाचूनच मला माझी लेक दिसली. तरी काही गोष्टी खटकतात. निम्म्याहून जास्त मजकूर भावाबद्दल आहे, आणि कॉलेजला तर हिची ओळख हवी. दुसरं म्हणजे ही त्याची खाजगी बाब. तो 'लिही की' म्हणाला खरा, पण अनोळखी माणसं आपल्याबद्दल वाचणार हे त्या वयात कितपत कळतं? तिसरं, एका समुपदेशकाने सुचवलं की त्याचा त्रास जरा वाढवून लिहा आणि शेवटी 'यातून मी संयम आणि नेतृत्व शिकले' असं टाका. मला हे अजिबात पटलेलं नाही. मुलाचं अडखळणं वाढवून सांगायचं, तेही बहिणीच्या प्रवेशासाठी?

मी स्वतः एकही वाक्य लिहून देणार नाही. मजकूर आपलाच असल्याची ग्वाही अर्जात विद्यार्थ्याला द्यावी लागते, आणि एआयकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲप फसवणुकीत धरतं. पण वाचून प्रश्न विचारायला हरकत नसावी. कुठले विचारू? काही कॉलेजांची मुदत १ नोव्हेंबर आहे.

प्रतिसाद १

विषय मुळीच सोडू नका, ताई. खर्डा छापून घ्या आणि तिलाच दोन रंगांनी खुणा करू द्या, भावाबद्दलची वाक्यं एका रंगात, स्वतःबद्दलची दुसऱ्या. अडखळणं कधी सुरू झालं, थेरपी किती वर्षं चालली हा इतिहास दोन वाक्यांत आटपतो. टेबलाची कड मात्र राहू द्या, ती तिचीच आहे.

मग एकच विचारा: थांबायला शिकल्यावर घराबाहेर काय बदललं? ती वादविवादात भाग घेते म्हणालात. समोरच्याचं म्हणणं आपल्याला आधीच कळलंय असं वाटून ती तिथेही घाई करायची का? आता करत नाही का? याचं खरं उत्तर मिळालं तर निबंधाचा उत्तरार्ध तिथेच आहे, आणि 'संयम' हा शब्दसुद्धा लिहावा लागणार नाही.

यादीत कॅलिफोर्निया विद्यापीठ असेल तर हाच निबंध कापून तिकडे देऊ नका. त्यांचा अर्ज वेगळा असतो. ८ पैकी ४ प्रश्न निवडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द. तिथे प्रसंग रंगवायला जागा नसते, विचारलंय त्याचं सरळ उत्तर द्यायचं.

प्रतिसाद २

मी स्वतः अडखळत बोलतो, म्हणून लिहितोय. 'लिही की' ही परवानगी विषयाला झाली, मजकुराला नाही. पूर्ण निबंध त्याला वाचायला द्या. बहिणीनेच द्यावा, तुम्ही समोर नसताना. आईपुढे तो नाही म्हणणार नाही. एखादं वाक्य काढ म्हणाला तर कारण न विचारता काढायचं.

आणि 'मात केली' वगैरे नको. तो अडखळला आणि त्याला म्हणायचं होतं तेच म्हणाला. 'पहाटे' वाचून मला फार बरं वाटलं, कारण माझे शब्दही लोक असेच चुकीचे ओळखतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. वादविवादाचा प्रश्न आज तिला विचारला. जरा वेळ काही बोलली नाही, मग वही घेऊन आत गेली. निबंध भावाला ती आज रात्री देणार आहे.

एक शंका उरते. त्याने फोनचा प्रसंगच काढायला सांगितला, तर याच विषयावर दुसरा प्रसंग शोधावा की विषयच बदलावा? मुदत जवळ आलीय, तेव्हा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.