'आजाराला कंटाळून' हे कारण पुरेसं नाही

आजारी माणसाच्या आत्महत्येच्या बातमीबद्दल कोणीतरी विचारलं आहे, "वेदना असह्य असतील तर 'सुटला बिचारा' असं छापण्यात वावगं काय?" या मुद्द्याशी मी सहमत नाही. बातमी दडपू नये, हे मान्य. पण 'आजाराला कंटाळून' या दोन शब्दांत दुखण्यावर उपायच नव्हता असं गृहीत धरलं जातं. माझ्या मामींना मणक्याचं जुनं दुखणं आहे. अशीच एक बातमी त्यांनी कापून उशीखाली ठेवलेली मला सापडली, तेव्हा पोटात गोळा आला. त्यांना पेन क्लिनिकला, म्हणजे जुन्या वेदनांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात नेलं. दुखणं गेलं नाही, पण झोप लागू लागली. असं क्लिनिक असतं हे तोवर आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं!

बातमीच्या मांडणीने फरक पडतो याला पुरावा आहे. १९८७ मध्ये व्हिएन्नातल्या वृत्तपत्रांनी मेट्रोतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या थांबवल्या आणि त्या घटना झपाट्याने घटल्या. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत: पद्धतीचं वर्णन नको, आत्महत्या हा उपाय म्हणून मांडू नका. एकच कारण चिकटवू नका, मदतीचा क्रमांक द्या, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. अशा बातमीखाली तो छापायला एक ओळ पुरते.