कॅन्सर रुग्णांसाठी कानाचं अ‍ॅक्युप्रेशर: कुणी वॉर्डात करतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी पॅलिएटिव्ह वॉर्डात, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या वॉर्डात, स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे बहुतेकांना दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी चालू असते. दुखणं आटोक्यात येतं, पण बद्धकोष्ठता आणि गुंगीने माणूस कावतो. म्हणून जोडीला कानाचं अ‍ॅक्युप्रेशर सुरू करावं, असा विचार आहे. गोळ्या बंद करायचा प्रश्नच नाही, हे आधीच सांगते. नातेवाईक लगेच तोच अर्थ काढतात!

चीनमध्ये नर्स वॅक्कारिया नावाच्या वनस्पतीचं मोहरीएवढं बी चिकटपट्टीने कानावर लावतात आणि रुग्ण ते दिवसातून काही वेळा दाबतो. सुई नाही, म्हणून आम्हाला सोयीचं. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही कॅन्सरच्या वेदनेसाठी अ‍ॅक्युप्रेशरचा पर्याय आहे, पण पुरावा फार भक्कम नाही.

आता अडचणी. कानाच्या वरच्या खळगीतला ‘शेन मेन’ नावाचा दाबायचा बिंदू मला सापडतो, बाकीचे बिंदू कानाच्या नकाशागणिक हलतात. आमच्या आज्यांच्या कानाला तेल आणि वर बुगडीचं भोक, पट्टी टिकेल कशी? प्लेटलेट कमी असतील, केमोने कातडी नाजूक झाली असेल, तर तुम्ही कुठे थांबता? आणि नर्सना हे नीट शिकवणारं महाराष्ट्रात कुणी आहे का? दोन दिवसांत सर्टिफिकेट देणारे क्लास नकोत.

प्रत्यक्ष केलेल्यांनीच सांगा, प्लीज. डॉक्टरांची लेखी परवानगी कशी घेतलीत, तेही लिहा.