फिट्सची जेनेरिक गोळी सुरू केलीय आणि मी मीच राहिले नाहीये असं वाटतंय. गोळी स्वस्त म्हणून की गोळीच अशी? मदत हवी आहे

नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ३३. इथे बरेच दिवस वाचतेय पण लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात मला पहाटे स्वयंपाकघरात फिट आली. पेज ठेवायला उठले होते एवढंच आठवतं, त्यानंतर एकदम जमिनीवर मी आणि भोवती सगळे. घरच्यांनी घाबरून कांदा हुंगवला, चप्पल आणली, दातखीळ सोडवायला चमचा घातला त्यात पुढच्या दाताचा टवका उडाला. मी त्यांना दोष देत नाही, कुणी कधी शिकवलेलंच नसतं. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावायचा, हे आता मी घरी आणि शाळेत दोन्हीकडे सांगून ठेवलंय. दुसरी फिट जुलैत झोपेत आली, ती नवऱ्याने बघितली. मग बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ओपीडी, एमआरआय नॉर्मल, ईईजीमध्ये (मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या तपासणीत) बिघाड दिसला. लेव्हेटिरासिटॅम हे फिट्सचं औषध सुरू केलं, पहिला आठवडा २५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ आणि मग ५०० सकाळ-संध्याकाळ. केसपेपरवर कंपनीचं नाव नव्हतं, फक्त औषधाचं होतं, म्हणून जनऔषधी केंद्रातून जेनेरिक, म्हणजे तेच औषध पण मोठ्या ब्रँडचं नाव नसलेली गोळी घेतली. मोठ्या कंपनीच्या गोळीच्या निम्म्याहून कमी पैसे पडले. गोळी वर्षानुवर्षं घ्यायची आहे म्हटल्यावर आमच्या घरात हा हिशेब करावाच लागतो.

आज एकोणिसावा दिवस. पहिले आठ-दहा दिवस नुसती झोप. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले की काय लिहायचं होतं तेच आठवेना, एकदा तर 'पंचवीस' हा शब्दच सापडेना आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसली. कदंबच्या बसमधून उतरताना गुडघ्यात जीव नसल्यासारखं व्हायचं. हे सगळं मी सोसलं असतं, आणि खरं सांगायचं तर झोप आता बरीच कमी झालीय.

पण राग. मला हा राग माहीतच नव्हता. पाच वर्षांची मुलगी आहे मला. गेल्या मंगळवारी ती रेनकोटची बटणं लावत होती, सावकाश, एकेक, नेहमी लावते तशीच, आणि माझ्या आतून असं काहीतरी उसळून आलं की माझा हात उठला. आयुष्यात पहिल्यांदा. तिचा गाल लाल झाला होता आणि ती रडली नाही, नुसती बघत राहिली. आता ती काही बोलायच्या आधी माझ्या चेहऱ्याकडे बघते. हे लिहिताना पण माझे हात थरथरतायत.

आता माझा गोंधळ सांगते. सासूबाई म्हणतात, "सवाय वखद कशें बरें आसतलें?" (स्वस्त औषध चांगलं कसं असेल?) त्या वाईट हेतूने नाही म्हणत, त्यांना माझी काळजी आहे. आमच्या इथल्या एका फार्मसीवाल्याने पण सांगितलं की फिट्सची गोळी जेनेरिक घ्यायची नसते. माझा भाऊ वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत क्वालिटीला आहे, तो म्हणतो ताई आतलं औषध तेच असतं, आमच्याकडून बाहेरच्या देशात जातात त्यापण जेनेरिकच गोळ्या. दोघांचं ऐकून मी मध्येच लोंबकळतेय. त्यात दुसऱ्यांदा आणलेली स्ट्रिप वेगळ्या कंपनीची निघाली, पहिली गोळी पांढरी लांबट होती आणि ही पिवळी. रंग बघूनच पोटात गोळा आला. आणि राग नेमका नवीन स्ट्रिपनंतर वाढला, की तेव्हाच डोसही वाढला होता म्हणून, की ह्या दुखण्याच्या भीतीनेच मी अशी झालेय, ते मला वेगळं करता येत नाहीये.

शुक्रवारी रात्री मी गोळी हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि घेतली नाही, परत डबीत टाकली. मला माझी मी परत हवी होती एक रात्र तरी. मग झोपेना, आणि मुलगी शेजारी झोपलीय आणि तिच्यासमोर फिट आली तर, ह्या विचाराने साडेअकराला उठून घेतली.

तर ज्यांनी ही गोळी घेतलीय किंवा घरात कुणी घेतं त्यांनी सांगा, राग तुम्हालाही आला का, तो जातो का, आणि मोठ्या कंपनीची घेतली तर थांबेल का? थांबणार असेल तर मी बांगडी मोडून घेईन. डॉक्टरांची तारीख महिन्याने आहे. त्यांनी पहिल्या वेळी नीट समजावलं होतं पण मी इतकी सुन्न होते की अर्धं कानावरून गेलं.

प्रतिसाद (मडगाव)

ताई, बांगडी मोडू नका. मी नऊ वर्षं फिट्सच्या गोळ्यांवर आहे. मी सुरुवातीपासून मोठ्या ब्रँडचं लेव्हेटिरासिटॅम घेत होतो, जेनेरिक एकदाही नाही, आणि राग मला अगदी तुम्ही लिहिलाय तसाच यायचा. एकदा आईने जेवायला वाढलेलं ताट मी ढकलून दिलं होतं, आजही आठवलं की लाज वाटते. चिडचिड हा ह्या औषधाचाच माहीत असलेला साइड इफेक्ट आहे, सगळ्यांना होत नाही, पण होतो त्यांना होतो. माझी झोप तीन-चार आठवड्यांत गेली, राग काही गेला नाही. शेवटी डॉक्टरांनी दुसरं औषध हळूहळू वाढवत हे हळूहळू कमी केलं, मध्ये काही दिवस दोन्ही चालू होती. आता ठीक आहे. पण मी हे सगळं पाच महिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वभावच बिघडला समजून बसलो, ती चूक तुम्ही करू नका. तारखेची वाट बघू नका, आधी जा. आणि शुक्रवारचं परत करू नका हो, गोळी एकदम सोडली तर आधीपेक्षा मोठी फिट येऊ शकते, न थांबणारी पण येऊ शकते. अजून एक विचारतो, रागावू नका, जीव नकोसा होतो असे विचार येतायत का? येत असतील तर उद्याची पण वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, घरी सांगायचं. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २००८ सालीच फिट्सच्या जवळजवळ सगळ्या औषधांबद्दल असे विचार येऊ शकतात अशी सूचना दिलीय.

प्रतिसाद (सावंतवाडी)

मी फार्मासिस्ट आहे म्हणून जेनेरिकबद्दल लिहितो. लोकांना वाटतं जेनेरिकमध्ये औषध वीस टक्के कमी चालतं. तसं नसतं. जेनेरिकला मंजुरी देताना ८० ते १२५ टक्के असा जो पट्टा धरतात, तो आकडा गोळीत किती औषध भरलंय त्याचा नाही. मूळ गोळी आणि जेनेरिक माणसांना देऊन रक्तात किती उतरतं ते मोजतात, आणि त्या तुलनेतली सगळी अनिश्चितता धरून उत्तर त्या पट्ट्यात बसावं लागतं. त्यामुळे प्रत्यक्षातला सरासरी फरक त्याहून बराच लहान असावा लागतो. रंग, आकार, वरचं कोटिंग हे वेगळं असतं.

तुमच्या फार्मसीवाल्याचं बोलणं अगदीच निराधार नाही, पण ते सगळ्या औषधांना लागू होत नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ह्यांच्यात जरा फरक पडला तरी त्रास होऊ शकतो, म्हणून ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ साली सांगितलं की ही औषधं घेणाऱ्याने एकाच कंपनीची धरून राहावी. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन ह्यांचं डॉक्टर पेशंट बघून ठरवतात. लेव्हेटिरासिटॅम त्या नियामकाने तिसऱ्या गटात टाकलंय, म्हणजे कंपनी बदलली तरी सहसा अडत नाही. लॅमोट्रिजिनच्या दोन वेगवेगळ्या जेनेरिक गोळ्या प्रत्यक्ष एपिलेप्सीच्या पेशंटना आलटून पालटून देऊन बघितल्या होत्या, ते २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी ह्या वैद्यकीय मासिकात आलं, रक्तातल्या प्रमाणात फरक पडला नाही.

तरी रंग बदलल्याने मनात धास्ती बसत असेल तर केंद्रात सांगून ठेवा की शक्यतो त्याच कंपनीची द्या, आणि एकदम दोन महिन्यांची घ्या. मनाची धास्ती पण खरीच असते, आणि घाबरून डोस चुकतो तो जास्त महागात पडतो. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत ओतून ठेवू नका, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ते बरं नाही. ताप-सर्दीला दुसरीकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, सिप्रोफ्लॉक्सासिन, ट्रॅमाडॉल अशा काही औषधांनी फिट येण्याची शक्यता वाढते.

मूळ लेखिका, नऊ दिवसांनी

तुम्हा दोघांचे आणि खाली लिहिलेल्या बाकीच्यांचेही मनापासून आभार. मडगावच्या दादांचं "मी ब्रँडेडच घेत होतो" हे वाक्य मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तसले विचार येत नाहीयेत दादा, पण विचारलंत ते बरं केलंत, घरात कुणी विचारलं नव्हतं.

तारखेआधीच गेले. जाताना दोन्ही स्ट्रिपा नेल्या आणि एका जुन्या शंभर पानी वहीत लिहून नेलं, किती वाजता गोळी, किती झोप, कधी राग, कशावरून. लिहिल्यावर दिसलं की पहिला भडका पांढऱ्या गोळीवरच उडाला होता, ५०० सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, पिवळी आणायच्याही आधी. मीच विसरले होते. डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली. ते म्हणाले गोळी बंद करायची नाही, सध्या सकाळी २५० आणि रात्री ५०० करून दोन आठवडे बघू, नाहीच जमलं तर औषध बदलू. आणि स्कूटर सध्या अजिबात नाही. विहिरीवर आणि नदीवर एकटीने जायचं नाही, जाग्रण नाही. म्हणजे चवथीला आरत्या झाल्या की झोपायचं, फुगड्या राहिल्या ह्या वर्षी. सासूबाईंनी ते स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं, मला काही बोलावं लागलं नाही. सकाळी मुलीचं आवरायचं काम नवऱ्याने घेतलंय.

राग थोडा कमी आहे. गेलेला नाही.

आता एक वेगळंच झालंय आणि त्यासाठी परत मदत हवी आहे. लेकीला मी जवळ घेऊन माफी मागितली आणि सांगितलं की तू काहीच चूक केली नव्हतीस, आई एक गोळी घेते, त्या गोळीमुळे कधीकधी आईला राग येतो. तिला ते पटलं, इतकं पटलं की परवा रात्री गोळ्यांचा डबा सापडेना. सगळं घर शोधलं, शेवटी तिच्या दप्तरात चित्रकलेच्या वहीखाली मिळाला. डबा आता वरच्या फळीवर कुलपात आहे, पण ती विचारते की गोळीने राग येतो तर घेतेस कशाला. फिट म्हणजे काय ते तिला अजून सांगितलेलं नाही, घाबरेल म्हणून. कुणी आपल्या लहान मुलांना हे सांगितलंय का? कोणत्या शब्दांत सांगितलंत?