आबांची ३१५ बोअर घरीच नवी करायचीय, कुठला कागद, कुठलं केमिकल?

घाटमाथा_खानापूर

नमस्कार मंडळी. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वरच्या अंगाला. घरात आबांची इशापूरच्या सरकारी कारखान्यातली ३१५ रायफल आहे, पीकराखणीच्या लायसनवर. आबांनी सत्तरी ओलांडल्यावर वारस म्हणून लायसन माझ्या नावावर झालं, कागद चोख आहेत. खरं रायफलीची दशा बघवत नाही. घोंगड्यात गुंडाळून माळ्यावर पडून होती, आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे घरातल्या चपलांना बुरशी येते असला.

नळीवर तांबूस गंज आहे, सगळीकडे नाही, पट्ट्यापट्ट्यानं. एका जागी मात्र तीन बोटं ओढल्यासारखे बारीक खड्डे आहेत, शेजारी शेजारी. आईला विचारलं तर हसली. दर खंडेनवमीला आबा तिथंच तीन बोटांनी ओलं कुंकू ओढायचे, वर झेंडू ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सोन्याच्या गडबडीत पुसायचं राहून जायचं. लाकडी दस्ता काळा पडलाय, मुठीजवळ चिकट लागतो. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा मागचा दांडा, फिरतो, खरं कुरकुरतो.

यूट्यूबवर परदेशातले लोक गॅरेजमध्ये सगळं खोलून, घासून, परत निळं करून आरशासारखी करतात. मोटर, पंप मीच खोलतो, हाताला सवय आहे. कुठून सुरुवात करू?

निपाणीचा_बापू

त्यात काय एवढं? आधी १२० चा पेपर, मग ४००, मग पॉलिश. गंज लई असला तर संडासाचं ॲसिड पातळ करून फडक्यानं लावा, चकाचक होतंय. नाहीतर चिंच. आमच्या घरातली तलवार चिंचेनंच निघाली.

जुना_आरमोरर

बापू, तलवार भिंतीवर टांगायची असते, तिच्यात स्फोट होत नाही. घाटमाथावाले, यातलं काहीही लावू नका.

नळीवर जी निळसर काळी झाक आहे ना, तो रंग नव्हे. तोही लोखंडाचा गंजच, फक्त काळा, घट्ट बसणारा आणि खालच्या पोलादाला राखणारा. ॲसिडला आणि चिंचेला लाल गंज कुठला नि काळा कुठला हे कळत नाही, दोन्ही खातात. मग राहतं उघडं पोलाद, आणि तुमच्या त्या हवेत ते पुन्हा तांबडं व्हायला किती वेळ लागणार? ॲसिडची बाटली तर त्या खोलीत उघडूही नका, नुसत्या वाफेनं शेजारचं लोखंड गंजतं.

पॉलिश पेपरचा घोटाळा वेगळाच. बॉडीवर, नळीवर, बोल्टवर नंबर आणि शिक्के आहेत. आर्म्स ॲक्ट १९५९, कलम ८: नंबर खोडणं हा गुन्हा आहे. "गंज काढताना गेला हो साहेब" हे कोण ऐकून घेणार? नूतनीकरणाला हत्यार दाखवायला नेलं की आधी नंबरच ताडून बघतात.

आणि कायद्याचंच निघालं म्हणून. तुमच्याकडं आहे ते बाळगायचं लायसन. दुरुस्ती करायला कलम ५ खाली वेगळं लायसन लागतं, ते बंदुकीच्या दुकानदाराकडं असतं. व्हिडिओतल्या माणसाला त्याच्या देशात मुभा असेल. कोडगूत जम्मा, म्हणजे जुन्या वतनी, जमिनीवाल्यांना लायसनचीच सूट आहे, पण त्यांचं उदाहरण आपल्याला लागू होत नाही. आपण घरी साफसफाई करावी, तेलपाणी करावं, लाकडाची निगा राखावी. ट्रिगर, बोल्टचं डोकं, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि नळी कापणं-घासणं, इथं हात घालायचा नाही. ही रायफल पलटणीतल्या थ्री-नॉट-थ्रीच्या भावकीतली. ती गोळी फौजेची म्हणून सिव्हिलियनला मिळत नव्हती, तेव्हा ३१५ आली. हिच्या बोल्टचं डोकं वेगळं असतं, आट्यांवर बसतं, आणि काडतुसाच्या बुडाशी त्याचं अंतर ठरलेलं असतं. ते वाढलं तर काडतूस मागून फाटतं, आणि मागं तुमचा डोळा असतो. हे गेजनं मोजतात, अंदाजानं नाही. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत बसला म्हणून चालवणारे मी बघितलेत.

आता काम. मॅगझीन काढा, बोल्ट बाहेर घ्या, चेंबरमध्ये करंगळी घालून रिकामं आहे याची खात्री करा. काडतुसं त्या खोलीत नकोतच. मग बुडाकडून, म्हणजे मागून, डोळा लावून नळी उजेडाकडं धरा. बाहेरच्या गंजापेक्षा आतलं काय आहे त्यावर सगळं ठरणार. पुलथ्रूला, म्हणजे नळी पुसायच्या दोरीला, तेलाची चिंदी लावून बुडाकडूनच ओढा. तोंडाकडून गज घातला की तोंडाची कड झिजते आणि नेम तिथंच बिघडतो. चिंदी तांबडी आली तर गंज, हिरवट आली तर गोळीचं तांबं. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यातून नळीत मीठ उतरतं. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आम्ही पलटणीत फायरिंगहून आलं की आधी नळीतून उकळतं पाणी सोडायचो, मग कोरडी चिंदी, मग तेल. नव्या पोरांना वाटायचं उस्ताद थट्टा करतोय. तुमच्या नळीत ते मीठ अजून बसलेलं असू शकतं.

बाहेरच्या गंजाला पातळ तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या तांब्याच्या नाण्याच्या कडेनं हलकं खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, गंज सुटतो आणि झाक राहते. राहिलेल्याला अगदी बारीक, चार शून्याचं स्टील वूल, तेही तेलात बुडवून. कुंकवाचे खड्डे राहू द्यात. ते भरून काढायचे तर आजूबाजूची नळी खाली उतरवावी लागेल, आणि मला विचाराल तर आबांची तीन बोटं घालवायची तरी कशाला? यंदापासून कुंकू दस्त्याला लावा.

दस्ता घासू नका. घासला की लाकूड लोखंडापेक्षा खाली जातं आणि कडा गोल होतात. मुठीजवळ चिकट आहे तो जुन्या तेलाचा थर. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून तिथं लेप द्या, वाळला की झटका. पूड पिवळी होऊन निघते, कोरी निघेपर्यंत करत राहा. लाकूड दबलं असेल तिथं ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री, दबलेलं वर येतं. शेवटी जवसाचं तेल, पेंटच्या दुकानात डबल बॉईल्ड म्हणून मिळतं ते. अगदी पातळ हात, तळव्यानं गरम होईपर्यंत चोळायचं, वाळल्याशिवाय दुसरा हात नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नका, आठ-आठ दिवस चिकटच राहतं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं फडकं आपोआप पेटतं. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात टाका.

घोंगडं मात्र बंद. लोकर ओल धरून ठेवते.

घाटमाथा_खानापूर

काका, उपकार झाले. पेपर आणून ठेवला होता, परत देतो. आज नळी बघितली. तोंडापासून वीतभर आत चिंदी अडली, टॉर्च मारला तर माती! कुंभारणीनं घर केलेलं. गजानं ठोकून काढू काय?

जुना_आरमोरर

ठोकू नका. बुडाकडून थोडं तेल सोडा, भिजू द्या, मग लाकडाच्या गोल काठीनं हळू ढकला, माती भुसभुशीत होऊन सुटते. निघाली की त्याच जागी नीट बघा. नळीत एखादी काळसर रिंग दिसते काय, आणि चिंदी ओढताना तिथं हात एकदम सैल पडतो काय, एवढं सांगा.

घाटमाथा_खानापूर

माती निघाली. रिंग आहे. पुरा गोल, सावली पडल्यागत. चिंदी सगळीकडं घट्ट येते, तिथं सटकन सुटते आणि पुढं पुन्हा घट्ट. बाहेरून बोट फिरवलं तर काही कळत नाही. आबांना विचारलं. म्हणाले, गव्यांना पळवायला हवेत बार काढला होता, तेव्हा खांद्याला धक्का जरा जास्तच बसला होता.

जुना_आरमोरर

मग तेच. तेव्हाही नळीत अशीच माती असणार, तशातच बार झाला आणि तिथं नळी आतून फुगली. आबांचं नशीब थोर, ती तिथंच थांबली. हिच्यातून आता एकही काडतूस उडवायचं नाही, "बघूया एक" म्हणूनसुद्धा नाही. दुकानदाराला दाखवा, पुढं काय करता येईल ते तो कागदावर सांगेल. घरी नळी कापून फुगा काढायचा विचार कुणी डोक्यात घातला तर ऐकू नका, आखूड करायलाही कलम ६ आडवं येतं.

निपाणीचा_बापू

म्हणजे आता डुकरं कशानं हाकलायची?

लोंढा_जंक्शन

बापू, पीकराखणीचं लायसन म्हणजे मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापुढं ते चालत नाही, आणि गवा तर पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणात. पीक गेलं तर वनखात्याकडं नुकसानीचा अर्ज करा.

घाटमाथा, दुकानात नेताना मूळ लायसन बरोबर ठेवा. रायफल तिथं ठेवून येणार असाल तर पावती घ्या, तिच्यावर नंबर आणि तारीख लिहून घ्या, आणि आत्ता आहे त्या अवस्थेचे फोटो काढा. मागच्या निवडणुकीत माझी बारा बोअर जमा केली होती, एका दुकानात. परत आली ती दस्त्याला तडा घेऊन. तडा आधीपासूनच होता म्हणाले, आणि माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं.

घाटमाथा_खानापूर

फोटो काढले, नंबरासकट. सोमवारी बेळगावला नेतो. दस्त्याचं जवस दिवाळीनंतर.

जुना_आरमोरर

बोल्ट वेगळा काढून न्या, आणि नळी बघताना दुकानदाराला पुढचं लाकूड काढायला सांगा. पाणी वरून पुसलं जातं, लाकडाखाली साठतं. खालच्या बाजूला काय आहे ते तुम्ही अजून बघितलेलंच नाही.