गरोदरपणाचा पंधरावा आठवडा चालू आहे, माझा सिकलसेलचा (आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा) रिपोर्ट एएस, म्हणजे वाहक, आला, नवरा तपासणीला तयार होत नाही, काय करू?

पहिलीच वेळ आहे माझी. तारीख मे महिन्यातली दिली आहे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पण ते पुढचं पुढं पाहू. गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, रोडपासून आत. प्रश्न तसा एकच आहे पण मागचं पुढचं सांगितल्याशिवाय समजणार नाही म्हणून थोडं लांबेल.

मोबाईलमध्ये ते आठवड्याचं ॲप टाकलं आहे, दर आठवड्याला सांगते बाळ आता एवढं झालं न तेवढं झालं. आधी लिंबू झालं, मग सफरचंद, आता पुढच्या आठवड्यात अॅव्होकॅडो म्हणे, ते फळ आमच्या बाजारात कोणी पाह्यलं सुद्धा नाही. उलट्या आता बऱ्याच कमी झाल्या, फोडणीचा वास तेवढा अजून सहन होत नाही. लोहाची लाल गोळी चालू केली आहे, आशाताईनं सांगितलं की चहासोबत घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबत पण नाही, लिंबूपाणी घेतलं तर चांगलं. संडास काळी होते त्यानं, ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, दोन दिवस नुसती घाबरून होते.

आता मुद्द्यावर येते. पहिल्या तपासणीला सरकारी दवाखान्यात बाकीच्या रक्तासोबत सिकलसेलची पण टेस्ट केली. तिथल्या भाऊंनी नळीत औषध टाकून रक्ताचा थेंब सोडला आणि नळीच्या मागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरला. माझ्या आधीच्या बाईच्या नळीतून रेघा साफ दिसत होत्या. माझ्या नळीतून काहीच दिसेना, सगळं गढूळ. मग पुन्हा रक्त घेऊन मोठ्या टेस्टला पाठवलं, त्याचा रिपोर्ट आला एएस, म्हणजे मी वाहक. मॅडम चांगल्या आहेत, नीट बसवून समजावलं की तुम्हाला स्वतःला आजार नाही, एक जीन चांगला आहे न एक सिकलचा, पण मिस्टरांची तपासणी लवकर झाली पाहिजे, कारण ते पण एएस निघाले तर प्रत्येक वेळी बाळाला एसएस, म्हणजे दोन्ही जीन सिकलचे न खरा आजार, व्हायची शक्यता २५ टक्के राहते. आणि तसं निघालंच तर पोटातल्या पाण्याची तपासणी सोळाव्या आठवड्याच्या आसपास करता येते, पण ती इथं होत नाही, नागपूरकडे जावं लागेल.

हे नाही म्हणत नाहीत, तेच तर अवघड आहे. नाही म्हटलं असतं तर भांडले तरी असते. म्हणतात जाऊ ना, वेचाई होऊ दे. आता कापूस फुटून पांढरा झाला आहे, वेचायला बाया भेटत नाहीत, मजुरीचा भाव रोज वाढून राह्यला, ते मलाही दिसते. पण वेचाई संपेल जानेवारीत, तोपर्यंत मला बाविसावा तेविसावा आठवडा लागेल. वरून म्हणतात मी क्विंटलभर ओझं उचलतो, मला काय झालं? आता वाहकाला सहसा काही त्रास होत नाही हे यांना कसं पटवू, वाहक तर मी पण आहे आणि मी लग्नाआधी दिवसभर वावरात निंदण करत होते.

सासूबाई म्हणतात, "आमच्या घरात कोणालेच नाही असं, तुह्या माहेराकडूनच आलं असन." आणि वरून म्हणे हा अमक्यातमक्या लोकायचाच आजार असते. मी उलटून बोलले नाही. पण यांच्या चुलत भावाचा पोरगा लहानपणापासून हात पाय दुखून रडायचा, बोटं सुजायची, डोळे पिवळे व्हायचे, घरात सगळे त्याला वात आहे वात आहे म्हणत राह्यले, नववीत असताना गेला. त्याची टेस्ट कधी झाली का तेही कोणाला माहीत नाही. हे आठवलं की मला रात्री झोप येत नाही.

तर कोणी यातून गेलं असेल तर सांगा, नवऱ्याला कसं तयार केलं? यांना मोठ्याच दवाखान्यात न्यावं लागते का गावात उपकेंद्रात रक्त घेतात? आणि एएस असताना लोहाच्या गोळ्या चालतात का, शेजारची वहिनी बंद कर म्हणते.

प्रतिसाद १
ताई मी गडचिरोलीकडची. आम्ही दोघं पण एएस, लग्न जमवताना पत्रिका पाहिली, रक्त कोणी पाहिलं नाही. मोठी मुलगी एसएस आहे. थंडी वाढली की तिचे पाय धरतात, शाळेत पाण्याची बाटली संपली की नाही रोज विचारावं लागते. शाळेत जाते, नाचते, पण दवाखाना मागे लागला तो लागला. दुसऱ्या वेळी आम्ही आधीच तपासणी केली. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यातून काही निघत नाही. आमच्याकडे यांना माझ्या बोलण्यानं नाही पटलं, सिस्टरनं फोन करून सांगितलं तेव्हा पटलं. माणसाला बायकोपेक्षा सिस्टरचं लवकर समजते, काय करता.

प्रतिसाद २
मी लॅबमध्ये काम करतो. आधी गोळ्यांचं, एएस असताना लोहाच्या गोळ्या चालतात, तुमचं हिमोग्लोबिन पाहून डॉक्टरांनी दिल्या आहेत ना, मग वहिनीच्या सांगण्यानं बंद करू नका. दुसरं महत्त्वाचं, मिस्टरांची नुसती नळीवाली सोल्युबिलिटी करून निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका. ते बीटा थॅलेसेमियाचे (हा पण आईबापाकडून येणारा रक्ताचाच आजार) वाहक असले तर त्या टेस्टमध्ये दिसत नाही, आणि एएस सोबत ते जुळलं तरी बाळाला सिकलसेलचाच त्रास होऊ शकतो. एचपीएलसी सांगा, तुमची मोठी टेस्ट बहुतेक तीच असेल. रक्त जवळच्या केंद्रात घेतात न पुढं पाठवतात, माणसाला लांब जायची गरज सहसा पडत नाही, पण रिपोर्ट यायला वेळ लागतो. म्हणून ९ तारखेच्या मातृत्व अभियानाच्या तपासणीची वाट पाहत बसू नका, आधीच द्या. जिल्ह्याला सिकलसेलचे समन्वयक असतात, आशाताईला सांगून त्यांचा नंबर घ्या, नागपूरचं पुढचं तेच जुळवून देतात. २० आठवड्याच्या आतबाहेर गर्भपाताच्या कायद्याचे नियम बदलतात, म्हणून डॉक्टर घाई करतात. पुढं काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, पण ठरवायला हातात रिपोर्ट तर पाहिजे. आणि तुमच्या माहेरच्या बहीणभावांची पण तपासणी करून घ्या, लग्नाचे असतील तर आधी.

प्रतिसाद ३
भाऊ कापूस विकायला जिनिंगला जातील ना? गाडी लायनीत लावली की आमच्याकडे माणसं चार चार तास चहा पीत बसतात. तेवढ्यात रक्त देऊन होते. वेचाईचा एक दिवस पण मोडत नाही.

धागाकर्ती
प्रतिसाद ३ वाल्या दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्री यांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. गडचिरोलीच्या ताईंचं वाचलं तेव्हा काही बोलले नाहीत, मग स्वतःच चुलत भावाच्या पोराचं काढलं, त्याचे पण हात पाय असेच दुखत होते म्हणे. शुक्रवारी गाडी न्यायची आहे, तेव्हा देतो म्हणाले. सिस्टरला पण फोन करायला लावला आहे, म्हणजे शुक्रवारचा सोमवार व्हायला नको. एक राह्यलं, उपाशी पोटी द्यावं लागते का? हे भल्या पहाटे निघतात.

प्रतिसाद २
नाही, भाकर खाऊन जाऊ द्या. फक्त आधार कार्ड न तुमच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत द्या, आणि जातानाच सांगा की बायको एएस आहे न पंधरावा आठवडा आहे, म्हणजे ते सॅम्पल लवकर पाठवतील. रक्त सहसा सकाळच्या ओपीडीतच घेतात, त्यामुळे गाडी लावली की आधी दवाखाना, चहा मागून.