बदके कुत्र्यापासून पळण्याऐवजी त्याच्या मागे का जातात? (डच बदकसापळ्यांविषयी)

पाणकावळा (प्रश्न)

मुलीकडे नेदरलँड्सला गेलो असताना एक जुनी ‘एन्दनकोई’, म्हणजे रानबदके धरण्याचा सापळा, पाहण्याचा योग आला. दाट झाडीच्या मधोमध एक लहानसे तळे, त्याच्या कोपऱ्यांतून निघून वाकत वाकत अरुंद होत जाणारे पाण्याचे चर, त्या चरांवर कमानी आणि कमानींवर ताणलेले जाळे, असे त्याचे रूप होते. सापळा चालवणाऱ्या गृहस्थांसोबत तांबड्या-पांढऱ्या रंगाचा, झुबकेदार शेपटीचा एक लहान कुत्रा होता. मेंढ्या हाकाव्यात तसा हा कुत्रा बदके जाळ्यात हाकत असेल, अशी माझी समजूत होती. परंतु कुत्रा पुढे चालतो आणि बदके आपण होऊन त्याच्या मागे येतात, असे त्यांनी सांगितले. माझे डच यथातथाच असल्याने पुढचे स्पष्टीकरण डोक्यावरून गेले. बदकांनी शत्रूच्या मागे जावे, हे काही केल्या पटत नाही. या पद्धतीची कोणाला नीट माहिती आहे का?

बोरूबन

त्या गृहस्थांनी सांगितले ते अगदी खरे आहे. या कामातला कुत्रा बदकांना शिवतही नाही आणि भुंकतही नाही. भुंकणारा कुत्रा तिथे बाद ठरतो.

आपण पाहिलेल्या चराच्या बाहेरच्या अंगाने बोरूचे उंच तट्टे तिरके आणि एकाआड एक उभे केलेले असतात, हे लक्षात आले असेल. दोन उंच तट्ट्यांच्या मधे एक बुटका तट्टा असतो. कुत्रा तळ्याच्या बाजूच्या पहिल्या बुटक्या तट्ट्यावरून उडी मारून काठावर येतो, बदकांना पाठ व शेपूट दाखवत चार पावले चराच्या आतल्या दिशेने चालतो आणि पुढच्या बुटक्या तट्ट्यावरून उडी मारून दिसेनासा होतो. तट्ट्यामागे त्याला खाऊचा तुकडा मिळतो आणि लगेच तो आणखी आतल्या फटीतून पुन्हा दिसतो. दिसला, लपला, पुन्हा दिसला असा हा खेळ चालू राहतो आणि बदके माना उंचावून, आपसांत कुजबुजल्यासारखा आवाज करत त्याच्या मागे पोहत राहतात.

ती मागे का जातात, याचे उत्तर आपल्या अंगणातही सापडते. साप किंवा मुंगूस दिसले की साळुंक्या पळून न जाता त्याच्या अवतीभवती कलकलाट करत राहतात, कारण नजरेच्या टप्प्यातल्या शत्रूपेक्षा नजरेआड झालेला शत्रू अधिक धोक्याचा असतो. पाण्यात सुरक्षित असलेले बदक काठावरच्या कोल्ह्यावर अशीच नजर ठेवते, आणि कोल्हा पाठ फिरवून निघाला की त्याच्या मागे जाण्याची त्याला भीड वाटत नाही. म्हणूनच या कामासाठी कोल्ह्यासारख्या तांबूस रंगाचे लहान कुत्रे निवडले जात. इंग्लंडमधील सापळ्यांवर अशा कुत्र्याला बहुतेक वेळा ‘पायपर’ असेच नाव असे. ‘पाइप’ म्हणजे तो जाळीने झाकलेला चर.

पाणकावळा

मनःपूर्वक आभार. कुत्र्याचे कोडे उलगडले, पण दुसरे पडले. चार-पाच डझन बदके चरात शिरली आणि धरली गेली, तर तळ्यावरच्या बाकीच्या शेकडो बदकांना ते कळत नाही का? एकदा बिथरलेले पाखरू त्या पाण्यावर पुन्हा उतरेल, असे वाटत नाही.

बोरूबन

सापळ्याची सगळी रचना त्याच अडचणीतून आलेली आहे. चर सरळ नसून बाकदार असतो तो यासाठीच. बदके पुरेशी आत आली की चालक, ज्याला डच भाषेत ‘कोइकर’ म्हणतात, तट्ट्यांच्या आडोशाने मागे येऊन चराच्या मुखाकडच्या एका फटीत शांतपणे उभा राहतो. चरातल्या बदकांना तो दिसतो, परंतु तट्टे तिरके असल्याने तळ्यावरच्या बदकांना दिसत नाही. परतीची वाट बंद झालेली बदके जाळ्याखालून पुढेच उडतात. मुखाशी सहा मीटरच्या आसपास रुंद असलेला चर साठ-सत्तर मीटरवर जेमतेम हात-दीड हाताचा उरतो आणि शेवटी सुटे करता येणारे पिशवीसारखे जाळे असते. कोइकर ते सोडवतो आणि बदकांच्या माना तिथेच, आवाज न होऊ देता, पिरगाळतो. वाचायला क्रूर वाटते आणि ते तसे आहेच. बंदुकीच्या एका बाराने मात्र सगळे तळे उठून गेले असते. इथे तेच तळे त्याच दिवशी पुन्हा वापरता येते.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. बदके वाऱ्याच्या तोंडावर उडतात, म्हणून निरनिराळ्या दिशांना अनेक चर असतात आणि वारा ज्या चरातून तळ्याकडे वाहत असेल तोच त्या दिवशी चालवला जातो. पण मग माणसाचा वासही तळ्याकडे जाणार! त्यासाठी कोइकर धुमसते पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, हातात धरून त्याच्या धुरात आपला वास लपवत असे.

तळ्यावर माणसाळवलेली बदकेही असतात. धान्याच्या आशेने ती न घाबरता चरात शिरतात, म्हणून रानबदकांनाही धीर येतो. जर्मनीतील फ्योर बेटावर 1730 पासून असे सापळे होते. तिथे भर मुख्यतः या पाळीव बदकांवर आणि धान्यावर असे, त्यामुळे कुत्र्याशिवाय सापळा चालतच नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र पोट भरलेले बदक धान्याकडे पाहत नाही आणि कुत्र्याकडे पाहते, हा कुत्र्याचा मोठा फायदा.

तलवार_बदक

थोडी इतिहासाची भर घालतो. इंग्रजीतील ‘डिकॉय’ हा शब्द याच डच ‘कोई’वरून, म्हणजे पिंजरा या शब्दावरून आला. दुसऱ्या चार्ल्स राजाने 1665 मध्ये लंडनच्या सेंट जेम्स पार्कमध्ये असा सापळा बांधवून घेतला, तोही डच कारागिराकडून. डॉर्सेटमधील अ‍ॅबट्सबरीचा सापळा त्याच्याही आधीचा, 1655 चा आहे. अठराव्या शतकात लिंकनशायरमधील वेनफ्लीटच्या परिसरातील दहा सापळ्यांतून एका हंगामात 31,200 बदके लंडनला गेल्याची नोंद थॉमस पेनंटने केली आहे. पुढे दलदली कोरड्या करून शेते झाली, बंदुका सुधारल्या आणि हा धंदा आटला.

नेदरलँड्समध्ये आजही शंभराहून थोडे अधिक सापळे नोंदीत आहेत. त्यांच्याभोवती ठरलेल्या अंतरात कोणी गोळीबार किंवा गोंगाट करू नये, असा एक जुना हक्क तिथल्या सापळ्यांना असतो. आता त्यांपैकी अनेक ठिकाणी पकडलेल्या बदकांच्या पायात कडी घालून ती सोडून देतात. रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रातील विषाणुतज्ज्ञांनी बर्ड फ्लूच्या अभ्यासासाठी अशाच सापळ्यांतल्या बदकांचे नमुने घेतले आहेत.

रानवाटा

आपण पाहिलेला कुत्रा बहुधा ‘कोइकरहोंड्ये’ असावा, म्हणजे शब्दशः ‘कोइकरचे कुत्रे’. कानांच्या टोकाशी लोंबणारे काळे केस असतील तर खात्रीच समजा. डच लोक त्यांना ‘डूल’ म्हणतात. सापळे ओस पडल्यावर ही जातही संपत आली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फान हार्डेनब्रूक घराण्यातील एका बॅरोनेसने उरलीसुरली कुत्री शोधून पैदास सुरू केली आणि 1971 मध्ये डच श्वानसंस्थेने या जातीला पूर्ण मान्यता दिली.

कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा ‘टोलर’ हाही याच युक्तीचा कुत्रा. तो किनाऱ्यावर काठीमागे धावत बागडतो आणि पाण्यावरची बदके कुतूहलाने जवळ येतात. मात्र तिथे जाळे नसते, आडोशाला बंदूकधारी शिकारी बसलेला असतो. फासेपारध्यांच्या जुन्या पद्धतीत शिकवलेल्या बैलाच्या किंवा गायीच्या आडून पाखरांजवळ जात असत, ती याच्या नेमकी उलट म्हणायला हवी: तिथले जनावर माणसाला लपवते, इथले स्वतःला दाखवते.

पाणकावळा

काळे डूल होते! फोटो मोठा करून आताच पाहिले. त्या गृहस्थांच्या कोटाला येणारा धुरकट वास मी चुलीचा समजलो होतो.