जुना सेन्सर, नवा डेबेअर: रॉ नीट धुतली तर कॅमेरा बदलायची गरज उरते का?

काळी_पातळी (धागाकर्ता)

मुद्दा आधी सांगतो, मग हवं तेवढं ठोका.

कॅनन ५डी मार्क थ्रीवर मॅजिक लँटर्न हे बाहेरच्या लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर टाकून १४ बिट रॉ व्हिडिओ (सेन्सरचे कच्चे आकडे) निघायला लागला २०१३ मध्ये. ब्लॅकमॅजिकचा पहिला पॉकेट कॅमेराही त्याच सालचा, सिनेमाडीएनजी ही रॉ फाइल काढणारा. दोन्ही आज कमी पैशांत मिळतात. आणि दोन्हींबद्दल तक्रारीही ठरलेल्या: सावल्या जांभळट, आकाशात उभे पट्टे, खिडकी फुटली (जास्त उजेडाने तपशील गेला) की गुलाबी. लगेच सल्ला येतो, कॅमेरा विका. माझं म्हणणं, यातले निम्म्याहून जास्त दोष सेन्सरचे नाहीत, धुलाईचे, म्हणजे रॉ फाइलचं चित्र करण्याच्या प्रक्रियेचे आहेत. ग्रेडिंगला (रंग जुळवायला) बसण्याआधीच्या चार-पाच पायऱ्या चुकीच्या क्रमाने होतात किंवा होतच नाहीत.

पहिली पायरी काळी पातळी. ५डी मार्क थ्रीच्या १४ बिट फाइलमध्ये काळं शून्यावर नसतं, २०४८ च्या आसपास असतं. १२ बिटला तेच ५१२, १० बिटला १२८. पांढरं समजा १५,००० ला टेकतं, म्हणजे हातात आले साधारण १२,९५० टप्पे. त्या टोकापासून दहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) खाली गेलात की खरा सिग्नल उरतो १२ ते १३ टप्प्यांचा. तिथे काळी पातळी चार टप्प्यांनी चुकली तर सिग्नलचा एक-तृतीयांश खोटा. वरून व्हाइट बॅलन्स लाल आणि निळ्याला गुणतो, हिरव्याला नाही. काळं कमी वजा केलं तर सावल्या जांभळ्या, जास्त केलं तर हिरव्या. लोक याला ‘कॅननचा रंग’ म्हणतात. रंग कसला, वजाबाकी चुकली आहे.

दुसरी पायरी डार्क फ्रेम, म्हणजे सेन्सरचा ठरलेला पॅटर्न टिपून चित्रातून वजा करायची काळी फ्रेम. लेन्सला झाकण, तोच आयएसओ, तेच शटर, तेच रिझोल्यूशन, तीच बिट डेप्थ. सेन्सर तापलेला असतानाच घ्यायची, दुसऱ्या दिवशी गार कॅमेऱ्यावर नाही. एकच फ्रेम वजा केली तर सावलीतला नॉइज (दाणेदार गडबड) उलट १.४ पट वाढतो, कारण झाकणाच्या फ्रेमचा नॉइजही पदरात पडतो. १६ फ्रेमची सरासरी काढली तर सरासरीतला नॉइज चौथ्या हिश्शावर येतो, ६४ ची काढली तर आठव्या. तीन सेकंद झाकण लावून रेकॉर्ड केलं की ६४ हून जास्त फ्रेम मिळतात. एमएलव्ही अ‍ॅपमध्ये (मॅजिक लँटर्नच्या एमएलव्ही फाइल धुणाऱ्या सॉफ्टवेअरात) सरासरी काढून जोडायची सोय आहे.

तिसरी, उभे पट्टे. ५डी मार्क थ्रीत दर आठ स्तंभांनी तोच पॅटर्न परत येतो, कारण स्तंभांचा गेन (सिग्नल वाढवण्याची पट) किंचित वेगवेगळा आहे. हा गेनचा फरक आहे, त्यामुळे डार्क फ्रेमने जात नाही. आठ गुणक काढून भागावं लागतं. हॉट पिक्सेलही (कायम पेटलेले ठिपके) इथेच बुजवायचे. डेबेअरनंतर (प्रत्येक पिक्सेलला माहीत नसलेले दोन रंग भरल्यावर) एक ठिपका पसरून चांगला मोठा डाग होतो.

मग पांढरी पातळी, मग डेबेअर, आणि शेवटी लॉगमध्ये (दिसायला फिकं, पण उजेडाचा पल्ला राखणारं) बाहेर. रेक ७०९ मध्ये (नेहमीच्या टीव्हीच्या मापात) बाहेर काढलं की वरचं सगळं कापलं गेलं, पुढे कलरिस्टने काय करायचं?

---

उजेड_आधी

वजाबाकी मान्य. निष्कर्ष अमान्य.

तुम्ही दहा स्टॉप खालची लढाई लढताय. तिथे विषय ठेवायचाच कशाला? एक स्टॉप उजेड वाढवा. रीड नॉइजच्या (सेन्सर वाचताना येणाऱ्या) पट्ट्यात सिग्नल-नॉइज गुणोत्तर जवळपास दुप्पट होतं, फोटॉन नॉइजच्या (उजेडाच्याच चढउताराच्या) पट्ट्यात १.४ पट. कुठलंही डेबेअर ही किंमत देत नाही. १६ फ्रेमच्या सरासरीने जातो तो फक्त ठरलेला पॅटर्न, यादृच्छिक नॉइज जसाच्या तसा.

दुसरं, आयएसओ. ५डी मार्क थ्रीत आयएसओ हा खरा अ‍ॅनालॉग गेन आहे आणि १०० वर त्याचा रीड नॉइज बराच असतो. तेच अ‍ॅपर्चर, तेच शटर ठेवून ८०० केलंत तर सावल्या स्वच्छ येतात, पण वरचे तीन स्टॉप जातात. बंद खोलीत खिडकीच नसेल तर ते तीन स्टॉप तुम्हाला नकोच होते. पहिल्या पॉकेटवर हेच केलंत तर काही होत नाही, तिथे रॉमध्ये आयएसओ नुसता मेटाडेटा, म्हणजे फाइलवरची नोंद. एवढं न कळता लोक १६०० लावून अंडरएक्सपोज करतात आणि मग तुमच्यासारख्यांकडे औषध मागायला येतात.

---

काळी_पातळी

उजेड वाढवा म्हणणं सोपं. माहितीपट करणाऱ्याला संध्याकाळी सात वाजता मच्छी बाजारात उजेड कुठून आणायचा? आणि सगळं हिस्टोग्रामच्या उजवीकडे ढकलून, म्हणजे जमेल तितकं उजळ, एक्सपोज केलं की प्रत्येक शॉट वेगळ्या पातळीवर बसतो. त्याच चेहऱ्याचा नॉइज वाइडमध्ये एक आणि क्लोजमध्ये दुसरा. लाइटिंग हातात असेल तिथे तुमचं शंभर टक्के खरं. नसेल तिथे धुलाईच उरते.

---

सोळा_एमएम

दोघांनाही एक हिशोब घालतो.

१०८०पी, १४ बिट, अनकंप्रेस्ड: एक फ्रेम ३.६ एमबी, २४ ने गुणा, सेकंदाला ८७ एमबी, मिनिटाला सव्वापाच जीबी. इथपर्यंत ठीक. आता ही शुद्ध धुलाई १६ बिट टिफमध्ये काढा: फ्रेमला साडेबारा एमबी, मिनिटाला जवळपास १८ जीबी. चाळीस मिनिटांच्या रशेसचे (कच्च्या फुटेजचे) ७०० जीबी, आणि एडिटिंग टेबलवर ते प्लेही होत नाही. वीस शॉटच्या जाहिरातीला चालेल. माहितीपटाला?

डीएनजी (रॉ फ्रेमच्या फाइल) थेट रिझॉल्व या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरात टाका. कॅमेरा रॉ टॅबमध्ये डीकोड क्वालिटी फुल, हायलाइट रिकव्हरी गरज असेल त्या शॉटलाच, पहिल्या नोडवर (ग्रेडच्या पहिल्या पायरीवर) टेम्पोरल, म्हणजे शेजारच्या फ्रेम बघून केलेलं, नॉइज रिडक्शन. संपलं. टेम्पोरल फक्त पैसे भरलेल्या स्टुडिओ आवृत्तीत आहे हे खरं, पण तुमच्या हार्ड डिस्कच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

आणि एक सूचना नव्या लोकांसाठी. अ‍ॅडोबीच्या कॅमेरा रॉमधून फ्रेमची मालिका काढू नका. हायलाइट्स आणि शॅडोज हे स्लायडर चित्र बघून स्वतःला जुळवून घेतात. स्थिर फोटोला छान, पण फ्रेममधून पांढरा सदरा घातलेला माणूस गेला की मागची भिंत उजळते-मंदावते. हा फ्लिकर नंतर कुठल्याच प्लगइनने धड जात नाही.

---

काळी_पातळी

टिफ म्हणालो कुठे? प्रोरेस ४४४४, लॉग. १०८०पी २४ ला मिनिटाला साधारण दोन जीबी. टेबलवर लोण्यासारखं चालतं, मूळ एमएलव्ही बाजूला राहतात. तेही लॉसलेस कंप्रेशनवर रेकॉर्ड केले असतील तर बरेच लहान.

शिवाय १४ बिटचा हट्टही सोडा. या सेन्सरचे खालचे दोन बिट कमी आयएसओवर नॉइजच मोजतात. १२ बिटला सेकंदाला ७५ एमबी लागतात आणि दोन्हींतला फरक शोधायला भिंग लागेल. १० बिटला मात्र खोल सावलीत टप्पे दिसू लागतात.

---

बायर_मास्तर

चर्चा डेबेअरच्या दारात येऊन परत फिरते आहे, म्हणून लिहितो.

बायर पॅटर्न १९७६ च्या पेटंटचा, कोडॅकच्या ब्राइस बायर यांचा. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक पिक्सेलला तीनातला एकच रंग माहीत, बाकी दोन शेजाऱ्यांकडून उसने. उसने कसे घ्यायचे यावर चित्र ठरतं, आणि ‘सगळ्यात चांगलं अल्गोरिदम’ असं काही नसतं.

अमेझ हे डेबेअरचं अल्गोरिदम कमी आयएसओवर उत्तम: केस, जाळी, विणलेलं कापड सुंदर सोडवतं. तेच १६०० वर लावलं की ते नॉइजलाच रेषा समजतं आणि सपाट भिंतीवर चक्रव्यूहासारखी नक्षी काढतं. तिथे एलएमएमएसई किंवा आयजीव्ही ही दुसरी अल्गोरिदम लावा. थोडं मऊ येईल, पण दाणा फिल्मसारखा राहील. सगळा प्रोजेक्ट एकाच सेटिंगवर रेंडर करणारे दिवसाचे शॉट मऊ करतात आणि रात्रीचे किडके.

नक्षीचं दुसरं कारण बहुतेकांना माहीत नसतं. लाल ओळीतला हिरवा आणि निळ्या ओळीतला हिरवा कागदावर सारखे, प्रत्यक्षात किंचित वेगळं मोजतात. डेबेअरच्या आधी दोघांना समान केलं नाही, तर अमेझ त्या फरकालाच तपशील समजतं. निळ्या आकाशाचा तुकडा ४०० टक्के मोठा करून पाहा. बुद्धिबळाच्या पटासारखी किंवा चक्रव्यूहासारखी बारीक वीण दिसली तर दोष नॉइजचा नाही, हिरव्यांच्या भांडणाचा आहे. रॉथेरपी या रॉ धुणाऱ्या सॉफ्टवेअरात यासाठी ग्रीन इक्विलिब्रेशनचा स्लायडर आहे. नक्षी जाईल इतकाच वाढवा, पुढे गेलात की बारीक तपशील खातो.

आणि सोळा_एमएम, पहिल्या नोडवरचं नॉइज रिडक्शन म्हणजे डेबेअरनंतरचं. डेबेअरआधी प्रत्येक पिक्सेलचा नॉइज सुटा असतो आणि सिग्नलच्या प्रमाणात किती, हे गणिताने माहीत असतं. डेबेअरनंतर तो शेजाऱ्यांत वाटला जातो, दाण्याचे गठ्ठे होतात. गठ्ठ्याला फिल्टर तपशील समजतो. निळ्या चॅनलमध्ये हे ठळक दिसतं, कारण टंगस्टन (पिवळ्या बल्बच्या) उजेडात निळ्याला दोन-अडीच पटीने गुणावं लागतं.

---

सोळा_एमएम

तत्त्व बरोबर. पण टेम्पोरल शेजारच्या फ्रेम बघतं, शेजारचे पिक्सेल नाही. स्थिर शॉटमध्ये गठ्ठेही फ्रेमागणिक बदलतात, म्हणून सरासरीत जातात. तुमचा आक्षेप स्पेशियलला (एकाच फ्रेममधले शेजारचे पिक्सेल बघणाऱ्याला) लागू, टेम्पोरलला अर्धाच. हलत्या कॅमेऱ्यावर अडचण आहे, ती कबूल.

---

रीळवाला

सगळे जुन्या कॅमेऱ्यांत अडकलेत. २०१८ मध्ये ब्लॅकमॅजिक रॉ आलं, २०१९ च्या फर्मवेअरने पॉकेट ४केमधून सिनेमाडीएनजी काढूनच टाकलं. डेबेअरचं काही काम आता कॅमेऱ्यातच होतं. ना काळ्या पातळीची भानगड, ना पट्टे. १२ बिट, ३:१ पासून १२:१ पर्यंत हवं ते कंप्रेशन. कारखान्याने आपल्या सेन्सरला ओळखून केलेली धुलाई तुमच्या घरच्या धुलाईपेक्षा चांगलीच असणार.

---

बायर_मास्तर

सोय चांगली, प्रश्नच नाही. पण अर्धी पोळी भाजून दिली की दुसऱ्या तव्यावर टाकता येत नाही. उद्या चांगलं अल्गोरिदम आलं तर मागच्या फुटेजला त्याचा पूर्ण फायदा नाही.

उलट उदाहरण रेड या कॅमेरा कंपनीचं. त्यांची आयपीपी२ ही रॉ धुण्याची पद्धत २०१७ ची, आणि ती त्याआधीच्या जुन्या आर३डी (रेडच्या रॉ) फाइल्सवरही चालते: हायलाइट मऊ उतरतात, कडक निऑन रंग फाटत नाहीत. अरी या कॅमेरा कंपनीने २०२२ मध्ये अलेक्सा ३५ कॅमेऱ्याबरोबर रिव्हील कलर सायन्स आणलं, त्यात एडीए-७ हे नवं डेबेअर. ते अलेक्सा एलएफच्या अरीरॉलाही लावता येतं. कॅमेरा तोच, कार्ड तेच, चित्र सुधारलं. धागाकर्त्याचा मुद्दा याहून स्पष्ट कशाने सिद्ध व्हायचा?

---

उजेड_आधी

मग धुलाईने न जाणारे डाग पण लिहा, नाहीतर पोरं फसतील.

मोअरे, म्हणजे बारीक नक्षीवर उमटणारे खोटे पट्टे. पहिल्या पॉकेटच्या सेन्सरपुढे ऑप्टिकल लो-पास फिल्टर (अति-बारीक तपशील मऊ करणारी काच) नाही. कौलं, बारीक चौकड्याचा शर्ट, लांबची खिडकीची जाळी: इंद्रधनुष्य आलंच. तो तपशील सेन्सरवर पडतानाच खोट्या तपशिलात बदललेला असतो, डेबेअर फक्त त्याचा रंग कमी करू शकतं. ५डी मार्क थ्री १०८०पीला ३×३ पिक्सेल एकत्र करून वाचतो म्हणून तिथे त्रास कमी. त्याच कंपनीच्या ज्या मॉडेलांत ओळी गाळून वाचतात, तिथे प्रार्थनाच.

इन्फ्रारेड. भर उन्हात सहा स्टॉपचा साधा एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) लावला की दिसणारा उजेड अडतो, इन्फ्रारेड आत येतो. काळं सिंथेटिक जॅकेट तपकिरी दिसतं आणि शेजारचं काळं सुती कापड काळंच राहतं. एकाच काळ्याला दोन रंग, कुठलं मॅट्रिक्स (रंग बदलणारं गणित) दुरुस्त करणार? आयआर अडवणारा एनडी घ्या.

निळे एलईडी. गणपतीच्या मिरवणुकीची लाइट पाहिली ना? ढोलवाल्याच्या गालावर निळा सपाट ठिगळ, कडेला काळी रेघ.

---

काळी_पातळी

पहिले दोन मान्य, तिसरा नाही. ठिगळ दोन प्रकारचं असतं. कच्चा निळा चॅनल पांढऱ्या पातळीला टेकला असेल तर गेलं, विषय संपला. पण बहुतेक वेळा तो टेकलेला नसतो; कॅमेऱ्याचं मॅट्रिक्स लावल्यावर लाल आणि हिरवं शून्याखाली जातं, सॉफ्टवेअर ते कापतं आणि तिथे काळी रेघ उमटते. आधी कच्चा हिस्टोग्राम बघा. जागा असेल तर रुंद गॅमटमध्ये (रंगांच्या मोठ्या पल्ल्यात) काढा आणि गॅमट कंप्रेशन लावा, एसेस या रंगव्यवस्थेच्या १.३ आवृत्तीत २०२१ पासून त्यासाठीच साधन आहे. गालावरचा उंच-सखलपणा परत येतो.

---

नवा_क्लॅपर

सर्वांना नमस्कार. वाचतोय, पण गुलाबी खिडकीचं राहिलं. रिझॉल्वमध्ये हायलाइट रिकव्हरी चालू केली की कमी होतं, पण कडा करड्या दिसतात. नक्की काय करायचं?

---

काळी_पातळी

फाइलमध्ये पांढरी पातळी १६,३८३ लिहिली आहे आणि सेन्सर १५,००० लाच भरला, असं धरा. सॉफ्टवेअरला वाटतं हिरवा अजून भरलेला नाही, तो ९० टक्क्यांवर उभा. लाल आणि निळा व्हाइट बॅलन्सच्या गुणाकाराने १०० च्या वर जाऊन कापले गेले. लाल १००, निळा १००, हिरवा ९०. हेच तुमचं गुलाबी.

खिडकीच्या फुटलेल्या भागावर कच्चे आकडे वाचा. तिन्ही रंग ज्या आकड्याला थांबतात, त्याच्या शंभरेक टप्पे खाली पांढरी पातळी लिहा. आयएसओ बदलला की हा आकडा बदलू शकतो, म्हणून प्रत्येक आयएसओचा एक शॉट तपासा. एवढं केल्यावर रिकव्हरी बंद ठेवूनही खिडकी पांढरी येईल. रिकव्हरी म्हणजे न भरलेल्या चॅनलवरून भरलेल्याचा अंदाज. ढगाला बरी, खिडकीच्या चौकटीला नाही. करड्या कडा त्या अंदाजाच्याच.

---

उजेड_आधी

किंवा खिडकीला एनडी जेल चिकटवा. दोन मीटर पुरेल.